धनंजानीचे उत्तर : समोरचा रागावला असता काय करावे?



त्रिशरण-पंचशील घेण्याआधी आपण ‘नमो तस्स’ हे वंदन तीन वेळा म्हणतो. विहारात म्हणतो, लग्नमंडपात म्हणतो, कोणी निधन पावले तर तेथेही म्हणतो. लहान पोरांनासुद्धा ते पाठ असते. पण एका बाईने नवऱ्याला जेवण वाढताना हेच वंदन उच्चारले आणि त्यावरून घरात वाद पेटला, ही हकिकत आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

ही हकिकत संयुत्त निकायातील ब्राह्मण संयुत्ताच्या अगदी आरंभी आली आहे. आजचा पाठ तिच्यावरच आहे. कारण नव्याने दीक्षा घेतलेल्या प्रत्येक घरापुढे एक प्रश्न उभा राहतो. आपण धम्म स्वीकारला म्हणून घरातला, भावकीतला किंवा गावातला कोणी संतापला, तर त्याच्याशी कसे वागावे? भांडावे, की गप्प बसावे? या दोन्हींहून वेगळी अशी तिसरी वाट आहे. ती वाट या बाईने दाखवली आहे.

१. घरातला राग

राजगृह नगरात भारद्वाज गोत्राचा एक ब्राह्मण राहत होता. त्याच्या पत्नीचे नाव धनंजानी. तिची बुद्ध, धम्म आणि संघ यांवर दृढ श्रद्धा होती. नवऱ्याची मात्र नव्हती. एके दिवशी ती त्याच्यासाठी जेवण घेऊन येत असता तिला ठेच लागली. आपल्याकडे ठेच लागली की “आई गं” निघते. तिच्या तोंडून तथागतांचे वंदन निघाले, तेही तीनदा.

नवरा भडकला. “ही वसली ऊठसूट त्या मुंडक्या श्रमणाचे गुण गाते! थांब, आता जाऊन तुझ्या त्या गुरूला वादात गप्पच करतो,” अशा अर्थाचे तो बोलला. ‘वसली’ हा शब्द ध्यानात ठेवा. त्या काळी नीच समजलेल्या माणसाला हिणवण्याचा तो शब्द होता. म्हणजे घरच्या बाईला नुसते रागे भरून त्याचे समाधान झाले नाही. तिला तिची पायरी दाखवणारी शिवी त्याने दिली. अशी शिवी किती खोल लागते, हे आपणास कोणी शिकवायला नको.

धनंजानीने काय केले? तिने उलट शिवी दिली नाही. रडत आत गेली नाही. “चुकले, पुन्हा म्हणणार नाही,” असेही म्हटले नाही. तिच्या उत्तराचा आशय असा होता : “त्यांना वादात हरवील असा या जगात मला तरी कोणी दिसत नाही. पण आपण जा. गेल्यावर आपल्याला स्वतःलाच कळेल.”

या छोट्या उत्तरात तीन गोष्टी आहेत. पहिली, तिने राग परत फेकला नाही. दुसरी, आपली श्रद्धा एक तसूभरही मागे घेतली नाही. तिसरी, रागावलेल्या माणसाला तिने एक काम दिले : स्वतः जाऊन पाहा. राग म्हणजे तापलेले पाणी. त्यावर नुसते झाकण ठेवले तर ते उतू जाते. धनंजानीने त्याला वाट करून दिली.

ब्राह्मण रागारागातच भगवंतांकडे गेला. त्याने प्रश्न केला की, कशाचा वध केला असता माणूस सुखाने झोपतो? कोणत्या एका गोष्टीची हत्या आपणास मान्य आहे? भगवंतांनी क्रोधाचे नाव घेतले. क्रोधाच्या मुळाशी विष असते, पण टोकाशी गोडवा असतो, असे त्यांनी त्याला समजावले. हे अगदी खरे आहे. उलट बोलल्यावर, दोन शब्द सुनावल्यावर क्षणभर गोड वाटते. विष मागाहून चढते. तो ब्राह्मण भगवंतांना शरण गेला आणि पुढे अर्हत झाला. बायकोला शिवी देऊन घराबाहेर पडलेला माणूस कोठे जाऊन पोहोचला, पाहा!

२. भावकीतला राग

गोष्ट येथेच संपत नाही. एका भारद्वाजाने धम्म घेतला, ही बातमी त्याच्या भावकीत पोहोचली. तेथे अक्कोसक नावाने ओळखला जाणारा दुसरा भारद्वाज होता. अक्कोसक म्हणजे शिव्या देणारा. आपला माणूस त्या श्रमणाच्या नादी लागला, याचा त्याला संताप आला. तो वेळुवनात गेला आणि भगवंतांना वाटेल तसे बोलला.

भगवंतांनी त्याला विचारले की, तुझ्या घरी पाहुणे, सोयरे येतात का? तो म्हणाला, येतात कधी कधी. त्यांच्यापुढे खाण्याचे पदार्थ ठेवतोस का? ठेवतो. त्यांनी ते घेतले नाहीत तर ते कोणाचे? आमचेच. तेव्हा भगवंतांनी त्याला सांगितले की, या शिव्यांचेही तसेच आहे. आम्ही त्या घेतल्या नाहीत, तेव्हा त्या तुझ्याच. शिवीला शिवी देणारा माणूस जणू त्याच पंगतीला बसून जेवतो. आम्ही त्या पंगतीला बसत नाही.

वाचकहो, पंगतीला बसू न देणे म्हणजे काय, हे आपल्या वाडवडिलांनी सोसले आहे. येथे भगवंतांनी एक अशी पंगत सांगितली, जिच्यावर बसायचे की नाही हे सर्वस्वी आपल्या हाती आहे. रागाचे ताट कोणीही पुढे करील. ते घ्यायलाच हवे असा नियम नाही.

भारद्वाजांची ही हकिकत पुढेही चालते. असुरिंदक नावाचा तिसरा भारद्वाज असाच चिडून आला. त्याने शिवीगाळ केली तेव्हा भगवंत नुसते गप्प राहिले. त्याला वाटले, आपण जिंकलो. “श्रमणा, हरलास!” असे तो ओरडला. तेव्हा भगवंतांनी त्याला समजावले की, कठोर बोलून आपण जिंकलो असे अडाण्याला वाटते, पण जाणून-समजून सोसणाऱ्याचाच जय असतो. येथे ‘जाणून-समजून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. त्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

३. मी जिंकलो आणि काय झाले

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. ती सांगताना मला संकोच वाटतो, पण शिक्षकाने स्वतःची चूक फळ्यावर लिहिली तर मुले ती विसरत नाहीत.

आमच्या घराने दीक्षा घेतली तेव्हा मी नववीत होतो. वडिलांनी देव्हारा काढला. त्यातले टाक एका फडक्यात बांधून माळ्यावर ठेवले. माझे थोरले चुलते, ज्यांना सारे घर अण्णा म्हणते, त्यांनी दीक्षा घेतली नव्हती. त्यांना हे मागाहून कळले. त्या दिवसापासून त्यांची धुसफूस सुरू झाली.

पुढे मी बी. ए. झालो. आमच्या साऱ्या घराण्यातला पहिला पदवीधर. सुटीत गावी गेलो असता अण्णा आमच्या ओट्यावर आले आणि चार माणसांदेखत वडिलांना बोलू लागले. “देव बुडवले, आज्याचा टाकसुद्धा ठेवला नाही, कुळाला बट्टा लावला.” वडील खाली मान घालून ऐकत होते. मला राहवले नाही. मी वाचलेले सारे पुस्तक त्यांच्यापुढे ओतले. ते एक बोलत, मी चार मुद्दे मांडीत होतो. शेवटी मी म्हणालो, “अण्णा, तुम्हाला सही करता येत नाही, तुम्ही आम्हाला धर्म शिकवू नका.” ओट्यावरची माणसे हसली. अण्णा उठले, चपला घातल्या आणि निघून गेले.

मी वाद जिंकलो होतो. त्या रात्री जेवताना वडील एवढेच म्हणाले, “त्यानं मजुरी केली म्हणून मी चौथीपर्यंत शिकलो.”

अण्णा दोन वर्षे आमच्या दारात आले नाहीत. माझ्या बहिणीच्या लग्नातही आले नाहीत. समतेचा धम्म मी सांगत होतो, आणि निरक्षर माणसाला चारचौघांत त्याची पायरी दाखवीत होतो. धनंजानीच्या नवऱ्याने तिला जी शिवी दिली, तिच्यात आणि माझ्या वाक्यात फरक तो काय?

ही गाठ माझ्या आईने सोडवली. ती शाळेत गेलेली नाही. धनंजानीचे नाव तिने ऐकलेले नव्हते. एक दिवस ती एकटीच अण्णांच्या घरी गेली. तिला पाहताच अण्णा पुन्हा बोलू लागले. तिने मध्ये एक शब्द काढला नाही. ते थांबले तेव्हा ती म्हणाली, “अण्णा, तुम्ही घरातले थोरले. टाक काढायच्या आधी तुम्हाला विचारायला पाहिजे होतं. ते आमचं चुकलं. पोरगं बोललं तेही चुकलं. टाक कुठं टाकले नाहीत, माळ्यावर आहेत, तुम्हाला पाहिजेत तर घेऊन जा. पण आमच्या घरात ते परत मांडायचे नाहीत, ते आता व्हायचं नाही. पौर्णिमेला विहारात वंदना असते. एकदा येऊन बसा. नाही पटलं तर उठून जा, कुणी काही बोलणार नाही.”

अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मला कुणी विचारलंच नाही गं.”

एवढाच तो राग होता! आम्ही सारे समजत होतो की भांडण देवांचे आहे. भांडण मानाचे होते. थोरल्या भावाला वगळून घरातला एवढा मोठा निर्णय झाला, हे शल्य होते. माझ्या चार मुद्द्यांत त्या शल्याचे उत्तर कोठेच नव्हते.

मी दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांच्या पाया पडलो नाही, कारण ते त्यांनाही नको होते. पण क्षमा मागितली. पुढच्या वैशाख पौर्णिमेला अण्णा आले, दाराजवळ बसले आणि खीर घेऊन गेले. त्यांनी अजून दीक्षा घेतलेली नाही. पण ते घरी येतात, आमच्या ओट्यावर बसतात. मला तेवढे पुरे आहे.

४. शांती म्हणजे लाचारी नव्हे

येथे कोणी विचारील, आणि विचारलेच पाहिजे : “गुरुजी, आमच्या बापजाद्यांनी पिढ्यान् पिढ्या खाली मान घालून शिव्या ऐकल्या. आता धम्म घेऊनही तेच करायचे काय?”

नाही. मुळीच नाही. भीतीने गप्प बसणे ही क्षांती नव्हे. ज्याच्या अंगी उत्तर देण्याचे बळ आहे आणि तरीही जो रागाने उत्तर देत नाही, त्याचीच ती क्षांती. मघाचा ‘जाणून-समजून’ हा शब्द आठवा. लाचार माणूस सोसतो, कारण त्याच्यापुढे दुसरा मार्ग नसतो. धम्माचा माणूस दुसरा मार्ग शोधण्यासाठी डोके थंड ठेवतो. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दहा पारमितांचे पालन करण्याची प्रतिज्ञा आहे. क्षांती ही त्या दहांतली एक. तिच्याच जोडीला वीर्य, म्हणजे नेटाने केलेला प्रयत्न, हीही पारमिता आहे, हे विसरू नये.

याचे धडधडीत उदाहरण महाडचे आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आपली माणसे चवदार तळ्याचे पाणी प्याली. त्यानंतर, आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा पसरवण्यात आली. जमावाने परिषदेच्या मंडपात आणि रस्त्यांवर आपल्या माणसांना मारले. पुष्कळजण जखमी झाले. सूड घेण्यास तयार असलेली माणसे बाबासाहेबांच्या सभोवती थोडीथोडकी नव्हती. एका शब्दाचा अवकाश होता. तो शब्द बाबासाहेबांनी दिला नाही. त्यांनी लोकांना शांत राहण्यास सांगितले.

पण ते तेवढ्यावर थांबले काय? हल्लेखोरांवर खटला झाला आणि त्यांतल्या काहींना शिक्षा झाली. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा महाडला परिषद भरली आणि २५ डिसेंबर रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावर जाण्यास कोर्टाने तात्पुरती मनाई केली होती, म्हणून त्या वेळी तो कार्यक्रम स्थगित ठेवला गेला. पण दावा सोडला नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. दहा वर्षे! रागाच्या भरात झालेली मारामारी एका संध्याकाळी संपली असती आणि खटले आपल्यावरच झाले असते. शांत डोक्याने धरलेला हक्क दहा वर्षांनी हाती आला.

म्हणून एक भेद स्पष्ट करून घ्या. घरातल्या, शेजारच्या, ओळखीच्या माणसाचा राग वेगळा आणि आपल्याला खाली दाबण्यासाठी दाखवलेला राग वेगळा. पहिल्यात नाते जोडायचे असते. दुसऱ्यात हक्क राखायचा असतो. डोके मात्र दोन्हीकडे थंडच लागते.

कोणी लोकांसमोर जातीवरून शिवी दिली, तर हातघाईवर येऊ नका. तारीख, वेळ, ठिकाण, नेमके शब्द आणि हजर असलेल्या माणसांची नावे त्याच दिवशी लिहून काढा. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांना प्रतिबंध करणारा १९८९ चा कायदा त्यासाठी आहे. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना १९९० पासून अनुसूचित जातीचा दर्जा मिळालेला आहे. तसेच भगिनींनो, नवरा किंवा घरातला कोणी हात उगारीत असेल, तर ते निमूट सोसणे म्हणजे धम्म नव्हे. आधी स्वतःला आणि मुलांना सुरक्षित ठिकाणी न्या. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे. त्याचा आधार घेणे यात राग नाही, द्वेष नाही.

५. प्रत्यक्षात कसे करावे

आता रोजच्या उपयोगाचे सांगतो. शाळेत कधी कधी एखादा पालक तणतणत येतो. “माझ्या पोराला का मारलं? का बाहेर उभं केलं?” पूर्वी मीही आवाज चढवीत असे. आता मी त्यांना खुर्ची देतो, पाणी देतो, वही उघडतो आणि म्हणतो, “सुरुवातीपासून सांगा, मी लिहून घेतो.” आपले बोलणे कोणी लिहून घेत आहे हे दिसले की माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. ओरडायचे कारणच उरत नाही. कोणी ऐकत नाही म्हणूनच माणूस ओरडतो.

या अनुभवावरून आणि आजच्या पाठावरून चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली : आधी आपला श्वास पाहा. समोरच्याचा राग आवरणे आपल्या हाती नाही, आपला आहे. उत्तर देण्यापूर्वी दोन-तीन श्वास सावकाश जाऊ द्या. आनापानसतीचा हा सर्वांत छोटा उपयोग आहे.

दुसरी : पुरते ऐका. मध्ये तोडू नका. शब्द कडू असले तरी त्यांच्या खाली काय दुखते आहे ते शोधा. अपमान, भीती, थकवा, भूक, कर्ज, यांपैकी काहीतरी बहुधा असतेच. दारू प्यायलेल्या माणसाशी मात्र त्या वेळी बोलत बसू नये. सकाळी बोलावे.

तिसरी : त्याच्या बोलण्यात खरे असेल तेवढे मान्य करा. चूक कबूल केल्याने माणूस लहान होत नाही. आणि जे खरे नाही, जे आपल्याला मान्य नाही, तेही त्याच शांत आवाजात सांगा. माझ्या आईने “आमचं चुकलं” म्हटले आणि “ते आता व्हायचं नाही” हेही म्हटले.

चौथी : पुढची वाट दाखवा. “या, बसा, पाहा”, “उद्या दोघे मिळून तलाठ्याकडे जाऊ”, “हिशेब पुन्हा मांडू”, असे काही तरी करण्यासारखे द्या. चारचौघांत कोणाला हरवू नका. हरलेला माणूस आपला होत नाही.

हे सारे एका दिवसात साधत नाही. मलाही दर वेळी साधत नाही. गेल्याच महिन्यात मी वर्गात एका मुलावर नको तितका ओरडलो आणि दुसऱ्या दिवशी वर्गासमोर त्याची क्षमा मागितली. पाढे जसे रोज म्हणून पाठ होतात, तशीच ही सवय आहे.

बांधवांनो, आपण दीक्षा घेतली हे लोकांना आपल्या भिंतीवरच्या तसबिरीवरून कळते. पण आपण बदललो, हे त्यांना कळते ते आपल्यावर कोणी रागावला त्या घटकेला आपण काय बोललो यावरून. पुढच्या वेळी ‘नमो तस्स’ म्हणताना ठेच लागलेली ती धनंजानी आठवा. शिवी मिळाली, तरी तिने वंदन मागे घेतले नाही आणि शिवी परत केली नाही.

घरात मिळून चर्चा करण्यासाठी प्रश्न

१. धनंजानीच्या उत्तरातील तीन गोष्टी कोणत्या? घरातल्या लहान मुलांना त्या आपल्या शब्दांत सांगू द्या.

२. भीतीने गप्प बसणे आणि क्षांती यांत फरक काय? महाडच्या प्रसंगावरून समजावून सांगा.

३. आपल्या घरावर रागावून दूर गेलेले कोणी आहे काय? त्यांच्या रागात खरे किती आहे?

४. येत्या पौर्णिमेपूर्वी त्यांच्या घरी कोण जाईल? जाणाऱ्याने काय मान्य करावे, आणि कोणती गोष्ट सोडू नये?

जय भीम!